गाडीतला घोडा

४ मार्च

चि. ठिपकीस,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरात कुणी आजारी नाही. फोन केला नाही, कारण या घरात फोनवर बोलायचं म्हणजे तुझ्या काकांना मध्ये बसवून बोलायचं. पलीकडचा माणूस प्रश्न मला विचारतो आणि उत्तर हे देतात. मला जे सांगायचंय ते यांच्या कानावर जाता कामा नये.

काकांच्या गुडघ्याची वाटी बदलली हे तुला माहीत आहेच. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवा, हवं तेवढं चाला, पण शिडी, स्टूल, कठडा, काही म्हणजे काही चढायचं नाही. आता आमच्या घरगाडीचं, त्या चाकांवरच्या घराचं, सगळं घोडं अडलंय ते छपरावर. वर सूर्याच्या विजेची पाटी आहे, तिच्यावर पाला आणि पाखरांची घाण साठली की आत दिवा लागत नाही, फ्रिज चालत नाही. हवेच्या झडपेची खिटीही झिजलीय, ती वरूनच दाबून बसवावी लागते. आजवर हे सगळं काका करायचे. ऑपरेशननंतरच्या पहिल्याच फेरीत दिवे गेले, तर या माणसाने प्लास्टिकचा पिंप उपडा घातला, त्यावर स्टूल ठेवलं आणि निघाले वर! मी कमरेचा पट्टा धरून खाली ओढलं. तेव्हापासून आमच्यात गाडीचा विषय बंद.

मग आमचे चिरंजीव आले आणि म्हणाले, "बाबा, वर चढायला कुणी नाही तर ठेवता कशाला? विकून टाका." गिऱ्हाईकही त्यानेच शोधलं. महिनाअखेरच्या रविवारी तो माणूस येणार आहे. काका म्हणाले, "बरं."

ठिपक्ये, चाळीस वर्षं बस चालवलेला हा माणूस. सिग्नलशी भांडायचा. तो एका शब्दात "बरं" म्हणाला आणि वर्तमानपत्र उघडून बसला, तेही उलटं.

मला गाडी विकायची नाही. त्या गाडीत मी सकाळी दार उघडते तेव्हा रोज समोर दुसरं काहीतरी असतं. जन्मभर एका खिडकीतून समोरच्यांचं वाळत घातलेलं बघितलंय, आता पुन्हा ते नको. म्हणून ठरवलंय, छपरावर मी चढणार. हस, हस. बल्ब बदलायला स्टुलावर चढले तरी माझे पाय लटलटतात हे तुलाच काय, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण चढणार.

तू दिवसभर शिडीवरच असतेस. गाडीत ठेवता येईल अशी कुठली शिडी घेऊ ते सांग. उत्तर शेजारच्या शिंपीणबाईंच्या पत्त्यावर पाठव. त्या पोटात ठेवतात.

तुझी,
मावशी

*

९ मार्च

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार, आणि हा खराखुरा. तुझं पत्र परांचीवर बसून वाचलं आणि इतकी खूश झाले की ब्रश खाली मुकादमाच्या टोपीवर पडला. हिरवा रंग होता. तो अजून बोलत नाहीये.

आता कामाचं. शिडीवाला तुला आधी उंची विचारेल. ती सांग, पण त्याआधी स्वतःला विचार, ही उचलणार कोण? गाडीतून एकटीने, कुणालाही हाक न मारता जी तू बाहेर काढून उभी करू शकशील, तीच तुझी शिडी. बाकी कितीही भारी असो, ती दुकानात बरी. उभी केल्यावर ती छपराच्या वर हातभर शिल्लक उरली पाहिजे, नाहीतर शेवटी धरायला काही राहत नाही.

मी म्हणेन, एकात एक सरकणारी घे. मिटली की सुटकेसएवढी होते. मीही तीच वापरते. बिजागऱ्यांची, तीनचार ठिकाणी मुडपणारी पण मिळते, पण ती उचलायला पैलवान लागतो. तिसरी म्हणजे दोन्हीकडे पाय असलेली, तंबूसारखी उभी राहणारी. आम्ही रंगारी तिला घोडा म्हणतो. तिच्याबद्दल नीट लिहायला हवं. कागद संपला, दुसरा घेते.

घोडा मात्र अजिबात घेऊ नकोस. दिसायला भक्कम, पण जमीन जरा उंचसखल लागली की डुगडुगतो. आणि त्याच्यावरून गाडीच्या छपरावर पाय टाकायला गेलीस की हा मागच्या मागे सरकतो आणि तू धाडकन खाली. शिवाय गाडीत त्याला ठेवणार कुठे? काहीही घेतलंस तरी आधी रोज थोडी सवय कर. शिंपीणबाईंना खाली धरायला उभं कर. पॅन्ट घाल, रबरी तळाचे बूट घाल. वर गेल्यावर खाली बघायचं नाही. पहिल्यांदा नडगीला लागेल, रडू नकोस. आणि नीट जमेपर्यंत काकांना सांगू नकोस, ते धसका घेतील.

तुझी,
ठिपकी

*

१६ मार्च

चि. ठिपकीस,

शिडी घेतली! पण तू सांगितलीस ती नाही. रागावू नकोस, सगळं ऐक.

दुकानात गेले तर दुकानदार म्हणतो, "काकू, साहेबांना पाठवा ना." मी म्हटलं, "साहेब चढणार नाहीत, काकू चढणार आहेत. दाखवा." तुझी सरकणारी काढली. उघडताना झकास. मिटताना मात्र खटाखट खटाखट खाली आली आणि माझं बोट मध्ये सापडलं. तुझे हात सरावलेले असतील, माझे नाहीत. बिजागऱ्यांची उचलायला गेले तर तीच मला घेऊन चालली. घोड्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. तो म्हणाला, "हा घ्या, हा स्वतःच्या पायावर उभा राहतो." मी म्हटलं, "उभा राहतो आणि मागे सरकतो." त्याने तोंडात बोटच घातलं.

मग कोपऱ्यात, भिंतीला टेकवलेली एक दिसली. दोन तुकड्यांची. एकाचे पाय दुसऱ्यात बसवायचे आणि खिळ्या लावायच्या. वर दोन वाकडे आकडे, छपराच्या कठड्यात अडकवायला. तो म्हणाला, "ही कुणी नेत नाही, जोडत बसावं लागतं." म्हटलं, मला कुठली गाडी पकडायचीय? एक तुकडा मी एका हातात उचलला. मग दुसरा. दोन्ही घेऊन दुकानाच्या दारापर्यंत चालून दाखवलं. गाडीतल्या पलंगाखालच्या खणाची लांबी कपड्याच्या दोरीला गाठ मारून मोजून नेली होती, त्यात तुकडा बरोबर बसतो. तू म्हणालीस ना, हाक न मारता उचलता येईल ती. ती ही.

सध्या शिडी शिंपीणबाईंच्या मागच्या खोपटात आहे. त्या खोपटाचं छप्पर आपल्या गाडीएवढंच उंच. काका सकाळी व्यायामाला गेले की मी त्यांची जुनी पॅन्ट चढवते आणि पळते. शिंपीणबाई तोंडात टाचण्या धरून शिडी धरतात, त्यामुळे त्यांना ओरडता येत नाही हे एक बरं. आज चौथ्या पायरीपर्यंत गेले. नडगी काळीनिळी झालीय. रडले नाही.

तुझी,
मावशी

*

१९ मार्च

चि. ठिपकीस अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहितोय यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे ते समज. हे तुझ्या मावशीला सांगायचं नाही.

माझ्या जुन्या पॅन्टच्या खिशात तुझ्या अक्षरातला एक कागद सापडला. माझी पॅन्ट, माझा खिसा, त्यामुळे वाचला. चोरून वाचला असं म्हणू नये. सुरुवातच अशी, "घोडा मात्र अजिबात घेऊ नकोस." तिथेच खुर्चीत बसलो.

ठिपक्ये, तुझ्या मावशीला घोडा घ्यायचाय? या वयात? आणि घोड्यावरून गाडीच्या छपरावर पाय टाकायचाय? सर्कशीत नाव घातलंय का तिने? तू नको म्हणालीस हे चांगलं केलंस, पण ती ऐकत नाहीये. रोज सकाळी मी व्यायामाहून येतो तेव्हा माझी पॅन्ट घालून कुठूनशी परत येत असते. नवे रबरी बूट आणलेत. परवा नडगीवर हा एवढा काळानिळा डाग. विचारलं तर म्हणे टेबल लागलं. काल शिंपीणबाई कुंपणापलीकडून तिला म्हणाली, "आज छान चढलात हो वर!" मी समोर आहे हे तिला दिसलं नव्हतं. दिसल्यावर घरात पळाली.

मला कळलंय काय झालंय ते. तिला गाडी नकोशी झालीय. पिंपाच्या त्या प्रकारापासून तिने एकदाही कुठे जाऊया म्हटलं नाही. म्हणून तर मुलाला मी "बरं" म्हणालो. वाटलं, चाळीस वर्षं माझ्या ड्युटीच्या वेळा सांभाळल्या, आता तिला घरी बसायचं असेल तर बसू दे. माझा तर त्या दिवसापासून जेवणावरचा जीव उडालाय. अंगणात ती गाडी उभी दिसते आणि मी पडदा ओढतो. पण गाडी जाणार म्हणून तिने घोडा बघावा हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तिला हवाच असेल तर मी कोण अडवणारा. गावाबाहेर एक तबेला आहे, तिथल्या माणसाशी बोलून आलो. म्हणाला, या वयातही शिकतात, पण शांत घोडा पाहिजे. मला फक्त एवढंच सांग, पडणार तर नाही ना ती? माझा गुडघा गेला तो गेला, तिची हाडं मला शाबूत हवीत.

तुझे,
काका

*

२२ मार्च

ती. काकांस सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी अर्धा तास हसले आणि मग थोडी रडले. का ते आत्ता सांगता येत नाही, मी मावशीला शब्द दिलाय. तुमचंही तिला सांगणार नाही. दोघांमध्ये माझा पार भरडून भुगा होतोय.

काका, एवढंच ऐका. मावशीला अडवू नका. ती सांगेल तेव्हा पुढे व्हा आणि घट्ट पाय धरा. तिचे नाहीत, ज्याच्यावर ती चढेल त्याचे. तुमचे हात स्टिअरिंगवर कधी थरथरले नाहीत, तेच हात लागतील. आणि रविवार येईपर्यंत मुलाला आणखी कशालाही "बरं" म्हणू नका.

तबेल्यात विचारून आलात, यासाठी तुम्हाला वेगळा नमस्कार.

तुमची,
ठिपकी

*

२६ मार्च

चि. ठिपकीस,

हे पत्र चांगलं नाही.

शेवटच्या पायरीपर्यंत मी रोज जाते. छप्पर माझ्या कमरेला लागतं. फक्त एक पाय उचलून पलीकडे टाकायचा उरतो, आणि तिथे माझा गोळा होतो. आज किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. शिंपीणबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाल्या, "चहा घेऊया का?" मी खाली आले आणि त्यांच्या पायरीवर बसून चांगली हमसून रडले.

रविवार तोंडावर आलाय. काका विचित्र वागतायत. काल माझ्या ताटात जास्तीचं वाढून म्हणाले, "हाडं मजबूत पाहिजेत." हाडांचं काय मध्येच? आणि सकाळी माझे बूट पुसून ठेवले होते. जाताना माणसं जशी उगाच गोड वागतात तसं वाटलं मला. त्यांनी मनातून गाडी देऊनच टाकलीय गं.

शिडी चुकीची नाही, ती सुरेख आहे. चढणारी चुकीची आहे.

मावशी

*

२८ मार्च

मावशी,

हे पत्र रविवारच्या आत पोहोचावं म्हणून कामावरून पळून टाकतेय. मुकादम परत बोलायचा बंद होणार.

पहिलं, काकांच्या त्या "बरं"वर जाऊ नकोस. का, कसं, विचारू नकोस.

दुसरं, तुझी भीती पायात नाहीये. खाली धरणारा माणूस आपला असला की शेवटचा पाय उचलतो. मी तुझ्या बाबतीत चुकले. जमेपर्यंत काकांना सांगू नकोस म्हणाले, ते उलटं होतं. शिंपीणबाई भल्या आहेत, पण तुझ्या जन्माची शिडी काही त्यांनी धरलेली नाही. रविवारी शिडी सगळ्यांसमोर बाहेर काढ आणि काकांना म्हण, पाय धरा. एवढंच म्हण. छपरावर गेलीस की उभी राहू नकोस, गुडघ्यांवर रांग.

ठिपकी

*

३१ मार्च

माझ्या लाडक्या ठिपकीस,

खूप खूप आशीर्वाद! हात अजून दुखतोय, तरी लिहिते.

काल आमचे चिरंजीव गिऱ्हाईकाला घेऊन आले. गृहस्थ सभ्य होते. टायर बघितले, पलंगावर बसून बघितलं, मग म्हणाले, "दिवा का लागत नाही?" चिरंजीव म्हणाले, "पाटी पुसायची राहिलीय. वर चढायला घरात कुणी नाही, म्हणून तर विकतोय." काका दाराशी उभे होते. चेहरा असा की मला बघवेना.

मी सरळ शिंपीणबाईंच्या खोपटात गेले, एक तुकडा या हातात, एक त्या हातात, आणि सगळ्यांच्या मधून अंगणात आले. अंगात काकांची पॅन्ट. जोडलं. खिळ्या लावल्या. आकडे कठड्यात अडकवले. गिऱ्हाईक बाजूला सरकलं. चिरंजीव म्हणाले, "आई, काय चाललंय?" मी काकांना म्हटलं, "पाय धरा."

ते शिडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हा घोडा आहे?"

मी म्हटलं, "छे, घोडा कशाला घेईन? घोडा डुगडुगतो. ही दोन तुकड्यांची शिडी आहे."

ठिपक्ये, मग यांना काय झालं देव जाणे. हसायला लागले. डोळ्यांतून पाणी, हातात शिडी, आणि हसतायत. "शिडी होय! शिडी होय!" एवढंच. सगळी हकिकत मला रात्री कळली, तोवर वाटलं गुडघ्याच्या गोळ्या डोक्यात गेल्या. पण शिडी अशी धरली होती की जमिनीत पुरल्यासारखी.

चढले. शेवटच्या पायरीला आले आणि झाला पुन्हा गोळा. पाय उचलेना. मला वाटलं, संपलं, आता सगळ्यांसमोर उतरायचं. तेवढ्यात खालून काकांचा आवाज आला. चाळीस वर्षं त्यांनी बसमध्ये पाठीमागून कंडक्टरच्या तोंडून ऐकलेलं, तसंच्या तसं, त्याच सुरात:

"चला, चला, पुढे सरका! पुढे जागा आहे!"

मला हसू फुटलं. आणि हसता हसता पाय पलीकडे गेला गं! कसा गेला मला कळलंच नाही. मी छपरावर होते.

गुडघ्यांवर रांगत पाटीपाशी गेले. खिशातलं ओलं फडकं काढून कोपऱ्यांसकट पुसली. झडप दाबून बसवली, कट्कन बसली. आतून चिरंजीव ओरडले, "आई, लागला! दिवा लागला!" मग मी बसले आणि चारी बाजूंना बघितलं. समोरच्यांचं वाळत घातलेलं पहिल्यांदाच वरून दिसलं. आपल्या गल्लीच्या पलीकडे एक तळं आहे, तुला माहीत होतं? इतकी वर्षं इथे राहते, मला माहीत नव्हतं. मी वरूनच सगळ्यांना ओरडून सांगितलं, तळं आहे म्हणून.

गिऱ्हाईक म्हणालं, "वा! काकू चढल्या म्हणजे गाडीत खोट नाही. माझं पक्कं."

वरून मी आणि खालून काका, दोघं एकदम म्हणालो, "विकायची नाही!"

चिरंजीवांना आधी राग आला, मग त्याने शिडीला हात लावून बघितला आणि म्हणाला, "आई, तू परत एकदा चढ ना, मला फोटो काढायचाय." मी परत चढले. मग शिंपीणबाईंसाठी एकदा. मग उगाचच एकदा.

रात्री काकांनी मला सगळं सांगितलं. हे माझ्यासाठी गाडी विकायला निघाले होते गं, आणि मी समजत होते यांनाच ती नको झालीय. आणि तू सगळं पोटात ठेवून बसलीस. ये एकदा, तुझा कान पिळते आणि मग जवळ घेते.

परवा निघतोय. शिडी पलंगाखाली आहे.

तुझी,
छपरावरची मावशी

*

७ एप्रिल

चि. ठिपकीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र गाडीतल्या टेबलावरून लिहितोय. दिवा लख्ख लागलाय. दारासमोर मोठं माळरान आहे, उद्या दुसरं काहीतरी असेल.

एक राहिलं होतं ते कळवतो. तबेल्यातल्या माणसाला मी तेव्हा, तुझ्या मावशीला घेऊन येतो, असा शब्द देऊन आलो होतो. आता काय सांगायचं त्याला? म्हटलं, दिलेला शब्द मोडायचा नाही. निघताना गाडी सरळ तिथेच नेली. तुझी मावशी म्हणाली, "इथे कशाला थांबलो?" मी म्हटलं, "उतर. तुझा घोडा बघ."

तिथल्या त्या शांत, तपकिरी घोड्याने तिच्याकडे बघितलं. तिने त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. तर म्हणाली, "बूट पुसलेले आहेत का माझे?"

पण घोडा उंच आणि तुझी मावशी अशी एवढीशी. रिकिबीत पाय पोहोचेना. तबेलेवाला म्हणाला, "थांबा बाईसाहेब, घोडा आणतो."

मी म्हटलं, "अहो, हा समोर उभा आहे तो कोण?"

तो मागे गेला आणि दोन्हीकडे पाय असलेली एक लाकडी शिडी घेऊन आला. घोड्यावर चढायला घोडा! तबेलेवाला आमच्याकडे बघत राहिला, कारण आम्ही दोघं एकमेकांना धरून हसत होतो आणि कुणालाच थांबता येईना.

मग मावशीने डोळे पुसले. शिडीला हाताने हलवून बघितलं. बिजागरी वाकून तपासली. आणि मला म्हणाली, "डुगडुगतोय. ठिपकीने सांगितलंच होतं. पाय धरा."

मी धरले. ती चढली, आणि खाली बघितलं नाही.

तुझे,
काका